चुप रहो! सावधान!

अनंत चतुर्दशीला आपल्याकडे स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात. त्यांच्यासमोरून जाताना छातीत होणारी धडधड भक्तीची की बासची, हे सांगायला डॉक्टरच हवा. नेमक्या त्याच संध्याकाळी काशीच्या समोर, गंगेच्या पलीकडच्या तीरावर रामनगरात हजारो माणसं जमतात आणि एकही माइक नसलेलं नाटक सुरू होतं. माइक नाही, विजेचे दिवे नाहीत, पडदा नाही, तिसरी घंटाही नाही. उजेडाला पेट्रोमॅक्स आणि मशाली. आणि हे एका रात्रीत आटपत नाही, तब्बल 31 दिवस चालतं.

काशीला जाऊन आलेल्या मराठी माणसाला रामनगरबद्दल विचारावं, तर तो किल्ला सांगतो. विश्वनाथ झाला, गंगा आरती झाली, कचोरी खाल्ली, शालू घेतला, किल्ला पाहिला आणि परतीची गाडी पकडली. रामलीलेच्या वाटेला कुणी जात नाही. महिनाभर चालणारं नाटक टूरवाल्यांच्या पाच रात्री सहा दिवसांत बसवायचं कसं?

ही लीला एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून काशीनरेशांच्या आश्रयानं चालत आली आहे. अयोध्या, जनकपूर, पंचवटी, लंका ही ठिकाणं गावभर कायमची ठरलेली. राम वनवासाला निघाला की प्रेक्षकही उठतात आणि त्याच्यामागून चालू लागतात. बूड न हलवता नाटक बघायची सोय तिथं नाही. 'नेमी' म्हणून ओळखले जाणारे रोजचे प्रेक्षक हातात रामचरितमानसाची पोथी घेऊन येतात आणि टॉर्चच्या उजेडात ओळ न् ओळ ताडून बघतात. पात्रानं शब्द गाळला तर पहिल्यांदा त्यांना कळतं. आपल्याकडे समीक्षकही एवढी तयारी करून येत नाहीत.

तर या सगळ्या पसाऱ्याच्या मध्यभागी असतात पाच पोरं. राम, लक्ष्मण, भरत, शत्रुघ्न आणि सीता. त्यांना 'स्वरूप' म्हणतात. मिसरूड न फुटलेली, आवाज न फुटलेली. निवड खुद्द काशीनरेशांसमोर होते. लीलेच्या सुमारे दोन महिने आधीपासून व्यास त्यांना घोकायला बसवतात. व्यास म्हणजे आपल्या भाषेत दिग्दर्शक, तालीममास्तर आणि प्रॉम्प्टर, तिन्ही एकाच धोतरात. पोरांना घरापासून वेगळं ठेवायचं, एकत्र जेवूखाऊ घालायचं आणि संवाद अक्षर न् अक्षर पाठ करून घ्यायचे. मोघम चालत नाही. शब्द कुठं लांबवायचा, स्वर कुठं चढवायचा, श्वास कुठं घ्यायचा, सगळं ठरलेलं.

मग लीलेत ती वेळ येते. रामायणींचं मानसगायन थांबतं. गर्दीची कुजबुज, चणेवाले, रडणारी लेकरं, मध्येच चाललेली जयजयकाराची आरोळी. जाडजूड वही हातात धरलेले व्यास पुढे होतात आणि ओरडतात, "चुप रहो! सावधान!" आणि खरंच सगळे गप्प होतात. पेट्रोमॅक्सची सूं सूं तेवढी ऐकू येते. चेहऱ्यावर टिकल्यांची नक्षी, डोक्यावर जड मुकुट, आणि बारा-तेरा वर्षांचा एक पोरगा वाक्य उचलतो. उंच पट्टीत, लांबवत, गाण्याच्या आणि बोलण्याच्या बरोबर मध्ये. त्यात अभिनय म्हणावा असा फारसा नसतो. भुवया उडत नाहीत, डोळ्यांत ग्लिसरीन नसतं. वास्तववादी नटाला दाखवलं तर तो म्हणेल, हा पोरगा नुसता उभा आहे. उभाच आहे. पण मैदानाच्या टोकाला बसलेल्या म्हातारीला त्याचा शब्द जातो आणि ती हात जोडते. पलीकडे हत्तीवर बसलेले काशीनरेशही हात जोडतात.

लीलेपुरतं पोरांचं घरचं नाव कुणी घेत नाही. त्यांना खांद्यावरून नेतात, पाय जमिनीला लागू देत नाहीत. आजोबांच्या वयाची माणसं त्या पायांवर डोकं ठेवतात. मोठ्यांनी मुलाच्या नाटकाकडे इतक्या गंभीरपणे बघितल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. थांबा, एक आहे. पुण्यातलं आहे. त्याच्याकडे येतो.

आधी आपल्या नाट्यशिक्षणाकडे बघू. एप्रिल उजाडला की गल्लोगल्ली फलक लागतात. बालनाट्य शिबिर, वय 5 ते 15, दहा दिवस, व्यक्तिमत्त्व विकास, प्रमाणपत्र. खाली बारीक अक्षरात: मालिकांमध्ये संधी. नाव घालायला आलेले वडील बजावून सांगतात, "नट वगैरे नाही हं करायचा त्याला. जरा स्टेज डेअरिंग यावं, बस. पुढं इंटरव्ह्यूला उपयोग होतो." म्हणजे नाटक हे च्यवनप्राशासारखं, सकाळी एक चमचा, तब्येत सुधारेपर्यंत. तब्येत सुधारली आणि पोरानं खरंच सांगितलं की मला नाटकच करायचंय, तर त्याच वडिलांना दरदरून घाम फुटतो.

दहाव्या दिवशी प्रयोग. त्यात पन्नास मुलं आणि प्रत्येकाला एक वाक्य, कारण प्रत्येकाचे पैसे सारखे. उरलेल्यांना झाडं करतात. शिबिर चालवणाऱ्यांना मी फार दोष देत नाही. दहा दिवसांत दुसरं होणार काय? पालकांना पावतीच्या बदल्यात पोरगं स्टेजवर दिसायला हवं असतं, ते दाखवलं की व्यवहार मिटला.

शाळेच्या स्नेहसंमेलनाची तऱ्हा याहून न्यारी. पहिल्या तीन रांगा पाहुण्यांना राखीव. स्टेजवर प्रतापगडचा प्रसंग. संवाद कुठल्या तरी स्टुडिओत मोठ्या माणसांच्या आवाजात रेकॉर्ड केलेले, मुलांनी ओठ तेवढे हलवायचे. तरी महाराज झालेल्या पोराच्या गालाला माइक चिकटपट्टीनं चिकटवलेला, शोभेला. ट्रॅक जरा अडखळला आणि अफजलखान आधी पडला. त्याची किंकाळी मागाहून आली. सभागृहात हशा. खान बिचारा पडल्या पडल्या डोळे किलकिले करून विंगेत बाईंकडे बघतोय, पुन्हा उठू का म्हणून. आणि समोर दीडशे मोबाइल वर. प्रत्येक आईच्या पडद्यावर फक्त आपलं पोरगं, झूम करून. पूर्ण नाटक सभागृहात कुणीच पाहिलं नाही.

हे मूल काय शिकलं? त्याचा स्वतःचा आवाज कुणालाही नको आहे, एवढं मात्र पक्कं शिकलं.

आणि आपण कोण? तर नाटकवेडे. 5 नोव्हेंबर आला की आपल्याला भरून येतं. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, तो आपला रंगभूमी दिन. काशीचाही असाच एक दिवस आहे. 3 एप्रिल 1868 ला बनारसमध्ये शीतलाप्रसाद त्रिपाठींचं 'जानकी मंगल' झालं आणि तो दिवस हिंदीवाले हिंदी रंगमंच दिवस म्हणून पाळतात. विषय तोच, सीतेचं लग्न. पंचवीस वर्षांच्या अंतरानं दोन्ही रंगभूमींनी एकाच मांडवात बोहनी केली. मराठी माणसानं इथं कॉलर ताठ करायला हरकत नाही, आपण पंचवीस वर्षं पुढं होतो.

पण त्या बनारसच्या प्रयोगाची गोष्ट ऐका. लक्ष्मणाचं काम करणारा नट ऐनवेळी आजारी पडला. प्रयोग रद्द व्हायची वेळ. तेव्हा एक मुलगा पुढं झाला, थोड्या वेळात नक्कल पाठ केली आणि लक्ष्मण म्हणून उभा राहिला. मुलाचं वय 17. नाव हरिश्चंद्र. पुढं भारतेंदु. आजच्या हिशेबानं अकरावी-बारावीतला, म्हणजे क्लासच्या दोन बॅचच्या मध्ये सापडला तर सापडणारा. त्या मुलानं नंतर हिंदी नाटक उभं केलं, 1881 मध्ये 'अंधेर नगरी' लिहिलं. भाजी आणि खाजा एकाच भावानं विकणाऱ्या राज्याचं हे प्रहसन देशभरातल्या शाळा-कॉलेजांतली पोरं आजतागायत करतात. ते एका रात्रीत लिहिलं, असं काशीवाले सांगतात. काशीवाले बरंच काही सांगतात, पण हे पटण्यासारखं आहे. रामनगरच्या लीलेचे संवाद घासूनपुसून नीट करण्यातही भारतेंदूंचा हात होता, असं म्हणतात. ज्या गावात दरसाल पोरांना माइकशिवाय बोलायला शिकवतात, त्या गावात सतरा वर्षांचा पोरगा ऐनवेळी लक्ष्मण होऊ शकतो, यात नवल ते काय!

आपली सतरा-अठरा वर्षांची पोरं कुठं असतात? पुरुषोत्तमला. महाराष्ट्रीय कलोपासकनं 1963 मध्ये पुण्यात ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली आणि तिनं मराठी रंगभूमीला किती माणसं दिली, ते नव्यानं सांगायला नको. ऑगस्ट-सप्टेंबरात भरत नाट्य मंदिराबाहेर जा. गळ्याच्या शिरा ताणून घोषणा चालू असतात, "अरे आव्वाज कुणाचा!" आवाज प्रेक्षागृहाचा असतो, हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. स्टेजवरचा सातव्या रांगेच्या पुढं जात नाही. बाहेर ओरडून बसलेला घसा घेऊनच पोरं आत येतात.

2022 मध्ये परीक्षकांनी जाहीर केलं की करंडकाच्या योग्यतेची एकही एकांकिका नाही आणि पहिला करंडक कुणालाच दिला नाही. काय गदारोळ उठला! परीक्षकांचं वय काढलं, अभिरुची काढली. मला विचाराल तर परीक्षकांनी प्रामाणिकपणा केला. पण त्याच वेळी एक साधा प्रश्न कुणी विचारला नाही. या मुलांना शिकवलं कोणी? कॉलेज काय देतं? तालमीला पार्किंग, रात्री आठपर्यंत, आणि प्रवेश अर्जावर सांस्कृतिक समितीच्या सरांची सही. बाकी सगळं सीनियर शिकवतात. त्यांना त्यांच्या सीनियरनी शिकवलेलं असतं. लेव्हल, लाइट, ब्लॅकआउट आणि शेवटी प्रेक्षकांकडे पाठ करून गोठणं ही विद्या साठेक वर्षं अशीच खालच्या वर्गाकडे चालत आली आहे. करंडक मिळाला की प्राचार्य फोटोत मध्यभागी उभे राहतात. नाही मिळाला तर हजेरी भरते का, ते बघतात.

आता काशीला डोक्यावर घेऊन नाचायचं कारण नाही. रामनगरची शाळा पोरांना उत्तम घडवते, पण कोणत्या पोरांना? ब्राह्मण घरातल्या मुलग्यांना. सीता होणारासुद्धा मुलगाच. आपल्याकडेही बालगंधर्वांपर्यंत हेच होतं, पण आपण तिथून पुढं आलो. दुसरी गोष्ट, या शाळेतून मूल उत्तीर्ण होत नाही, आवाज फुटला की बाहेर पडतं. काल ज्याच्या पायावर राजा वाकला, तो आज स्वरूप राहिलेला नाही. पाठ केलेलं सगळं तसंच आणि पुढचा वर्ग नाही.

पुढचा वर्ग काशीत 2018 साली निघाला. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं वाराणसी केंद्र. तिथं वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम आहे, अभिजात भारतीय रंगभूमीचा. भरताचं नाट्यशास्त्र, संस्कृत नाटक. चांगली गोष्ट आहे, काशीत नाही तर कुठं शिकवणार? पण शाळेतल्या मुलांसाठी नाटक कसं वापरायचं, हे शिकवणारा याच विद्यालयाचा अभ्यासक्रम कुठं आहे? आगरतळ्याला. ज्या शहरात तुळशीघाटावर कार्तिकात कृष्ण झालेला पोरगा कदंबाच्या फांदीवरून थेट गंगेत उडी टाकतो आणि कालियाच्या फण्यावर उभा राहतो, लाखाच्या गर्दीसमोर, त्या शहराच्या वाट्याला मुनी आले आणि मुलं त्रिपुराला गेली. दिल्लीतल्या टेबलावर नकाशा उलटा धरला असेल. (अशी उडी आपल्याकडे मारायची म्हटली तर आधी पालकांचं ना-हरकत पत्र, मग लाइफ जॅकेट, आणि लाइफ जॅकेटवर प्रायोजकाचं नाव.)

कॉलेजांचं म्हणाल, तर काशीतही आनंदच. जयशंकर प्रसाद याच गावचे. त्यांचं 'ध्रुवस्वामिनी' 1933 चं. हिंदी घेऊन बी. ए. करणारी पिढ्यान् पिढ्यांची पोरं त्यावर पंधरा मार्कांचं उत्तर लिहीत आली आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांनी ते उभं राहिलेलं पाहिलेलं नाही. आपल्याकडे 'नटसम्राट'वर टिपा लिहिणाऱ्यांचं तेच. नाटक हा कागदावरचा प्रकार आहे, अशी विद्यापीठांची ठाम समजूत दिसते. काशी हिंदू विद्यापीठानं एक माणूस मात्र नाटकाला दिला, तोही जरा आडवाटेनं. गुब्बी वीरण्णांच्या कानडी नाटक कंपनीतला ब. व. कारंत नावाचा मुलगा हिंदीत एम. ए. करायला तिथं आला आणि ओंकारनाथ ठाकुरांकडे गाणं शिकला. मग दिल्लीचं नाट्य विद्यालय, आणि पुढं त्याच विद्यालयाचा संचालक. कंपनीत घामाची तालीम, काशीत सूर, दिल्लीत शास्त्र. तीन ठिकाणी फिरून जुळवलेलं हे शिक्षण. कारंतांनी नंतर मुलांसाठीही नाटकं केली आणि त्यांत हात आखडता घेतला नाही.

हां, तर पुण्याचं उदाहरण. 2 फेब्रुवारी 2024. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र. विद्यार्थ्यांचा प्रयोग, नाव 'जब वी मेट'. विषय, रामलीलेत काम करणाऱ्या नटांचे पडद्यामागचे प्रसंग. काही प्रेक्षकांनी, म्हणजे अभाविपच्या कार्यकर्त्यांनी, प्रयोग बंद पाडला. तक्रार झाली, भावना दुखावल्याचा गुन्हा दाखल झाला आणि दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांसह पाच विद्यार्थ्यांना अटक झाली. पोरांच्या नाटकाकडे मोठी माणसं इतक्या गांभीर्यानं बघतात, हे एरवी आपल्या ध्यानातही आलं नसतं! नाट्यगृहाचं गळकं छप्पर वर्षानुवर्षं ज्यांना दिसत नाही, त्या व्यवस्थेला विद्यार्थ्यांचा एक प्रयोग चोवीस तासांत दिसला.

नाटक चांगलं होतं की वाईट, हे ठरवायला तिथं शिक्षक होते. वाईट असेल तर कमी मार्क द्यायचे. वाईट नाटक करण्याची मुभा नसेल तर चांगलं नाटक शिकणार कुठून? आणि वाईट नाटक हा दखलपात्र गुन्हा ठरला, तर व्यावसायिक रंगभूमीवरच्या निम्म्या निर्मात्यांना जामिनाची तयारी ठेवावी लागेल.

गंमत पुढंच आहे. रामनगरात पडदाच नाही, त्यामुळं पडद्यामागचंही सगळं समोर. मुखवटा काढून वारा घेणारा राक्षस, मुकुटाखाली पेंगुळलेला लक्ष्मण, खांद्यावरून निघालेली सीता. हा अमक्याचा मुलगा, हेही गावाला ठाऊक. कुणाची भावना दुखत नाही. रोज नाटक बघणाऱ्या माणसाला नट आणि देव यांच्यामधली जागा कळते, तो दोघांनाही सांभाळून घेतो. नाटक न बघणाऱ्याला ती कळत नाही, त्याला थेट पोलीस चौकी दिसते.

खुद्द भरतमुनींना हे नवीन नव्हतं. नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात पहिल्या प्रयोगाची हकीकत आहे. भरताचे शंभर पुत्र, म्हणजे पहिली बॅच, नाटक करायला उभे राहिले. विषय, देवांनी असुरांचा केलेला पराभव. प्रेक्षकांतल्या असुरांना तो झोंबला आणि त्यांनी प्रयोगात विघ्न आणलं. नटांचे बोल अडखळले, हालचाली गोठल्या. मग ब्रह्मदेवानं काय केलं? नटांवर गुन्हा घातला नाही. नाट्यगृह बांधायला सांगितलं आणि रक्षणाला देव उभे केले. विघ्नकर्त्यांना बोलावून समजूतही घातली. शेवटच्या अध्यायात मात्र याच पुत्रांनी ऋषींची टवाळी करणारा प्रयोग केला, ऋषी संतापले आणि त्यांनी शाप दिला. म्हणजे विद्यार्थ्यांनी वडीलधाऱ्यांची नक्कल करणं हा प्रकार शास्त्राइतकाच जुना. काशीच्या केंद्रात हे शिकवतात. पुण्यात एखादा जादा तास ठेवायला हरकत नव्हती, फक्त बाकांवर विद्यार्थ्यांऐवजी दुसऱ्यांना बसवून.

आपल्याला यातलं काहीच जमलं नाही, असंही नाही. सुधा करमरकर अमेरिकेत जाऊन बालरंगभूमीचं शिक्षण घेऊन आल्या आणि 1959 मध्ये त्यांनी 'लिटल थिएटर' सुरू केलं. पहिलं नाटक रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी'. मुलांचं नाटक म्हणजे पुठ्ठ्याचं झाड आणि उरलेले कपडे, हा हिशेब बाईंनी मोडून काढला. मतकरींनी पुढं 'अलबत्या गलबत्या' आणि 'निम्मा शिम्मा राक्षस' दिलं आणि ती नाटकं बघून वाढलेली माणसं आज आपल्या नातवंडांना घेऊन त्याच चेटकिणीला भेटायला जातात. साठेक वर्षांनीही तीच चेटकीण गर्दी खेचते, यात मतकरींचं थोरपण आहे आणि त्यानंतरच्या लेखकांचा आळसही. 1986 मध्ये मोहन आगाशे आणि थिएटर अ‍ॅकॅडमीनं बर्लिनचं ग्रिप्स पुण्यात आणलं. मुलांच्या खऱ्या अडचणी, शाळा, घर, पैसा, रंगमंचावर आल्या. त्यातल्या एका नाटकाचं नाव 'छान छोटे वाईट मोठे'. विभागप्रमुखांच्या अटकेचं वाचलं तेव्हा मला ते नाव आठवलं.

तेव्हा डिसेंबर येतोय, स्नेहसंमेलनं येतील. मुख्याध्यापक बाई, सर, एक विनंती आहे. एकवीस नाच आणि एक प्रतापगड यांना यंदा सुट्टी द्या. एका वर्गानं तीसेक मिनिटांचं एक नाटक करावं. मुली आणि मुलगे, दोघांनीही, आडनाव न विचारता. दोन महिने आधी सुरुवात करा. रेकॉर्ड केलेला ट्रॅक नको, गालाला माइक नको. मराठीच्या ज्या बाईंना मनापासून वाचून दाखवता येतं, त्यांना व्यास करा आणि त्यांचे दोन तास कमी करा, नाहीतर त्या बिचाऱ्या मधल्या सुट्टीतच तालीम घेत बसतील. सुरू होण्याआधी कुणीतरी खड्या आवाजात पालकांना गप्प करा, मोबाइल खिशात ठेवायला सांगा. पोरगं अडखळलं तर अडखळू द्या. आणि पाहुणे बोलवायचेच असतील तर त्यांची खुर्ची शेवटच्या रांगेत टाका. भाषण नको. नाटक झाल्यावर त्यांनी उठून एवढंच सांगावं, सगळं ऐकू आलं की नाही.